काळीचा कोपरा

७ ऑक्टोबर

मावशी,

तुझे डबे पोचले. आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने ते टेबलावर मांडले आणि नेहमीसारखं म्हणाला, "घ्या, मावशींनी खाऊ पाठवलाय." प्रयोगशाळेत हा विनोद आता इतका शिळा झालाय की कोणी हसत नाही. तो मात्र दर खेपेला स्वतःच हसतो.

तुझ्या निवाऱ्यातल्या सगळ्या कुत्र्यांच्या शीची तपासणी झाली. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी तू ऐकत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. तीन पायांच्या तुझ्या तिपाईच्या पोटात आकडेकृमी आहेत. हे जंत आतड्याला चावा घेऊन रक्त पितात, म्हणून ती एवढं खाऊनही वाळतेय. गेटजवळच्या दोन तांबड्या पिलांना जिआर्डिया म्हणजे आतड्यातला सूक्ष्म जीव आहे, त्यांची पातळ शी त्यामुळेच. बाकीचे स्वच्छ. पण "स्वच्छ" हा शब्द जपून वाच. आम्ही नमुना साखरेच्या दाट पाकात कालवतो, नळी काठोकाठ भरतो आणि वर काचेची पातळ चकती ठेवून थांबतो. जंतांची अंडी हलकी, ती तरंगत वर येतात आणि काचेला चिकटतात. पण पोटातला जंत कोवळा असेल, किंवा त्या दिवशी त्याने अंडी टाकलीच नसतील, तर काच कोरी राहते आणि जंत आत मजेत असतो. म्हणून औषधानंतर दुसरा नमुना दे. चिठ्ठी सोबत आहे.

आता भांडण. इतक्या डब्यांत काळीचा डबा कुठे आहे? निवाऱ्यातल्या प्रत्येक कुत्र्याला तू तपासतेस, गोळ्या देतेस, पिंजरे दोन वेळा धुऊन काढतेस, आणि घरात पलंगावर झोपणारी कुत्री मात्र घरची म्हणून तिला सगळं माफ. अगं, ती उन्हाळ्यात व्याली. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगात दबून बसलेले गोलजंत जागे होतात, आणि पिलांना चाटून चाटून ती त्यांच्याकडून आणखी घेते. तुझ्या लेकीने, ताईने, पाच वर्षांची मुंगी तुझ्या भरवशावर सोडून परगावी नोकरी धरलीय आणि ती पोर काळीच्या पोटावर डोकं ठेवून झोपते. मुंगीला माझा पापा दे आणि मला काळीचा डबा पाठव. ताजा. त्याच दिवशीचा.

तुझी भाची


११ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई,

तुझ्या औषधांची चिठ्ठी शिरसावंद्य, तुझं व्याख्यान परत. व्याख्यानं देणं हा आपल्या घराण्यात माझा धंदा आहे.

परवा नगरसभेच्या दालनात तो चष्मेवाला सभासद उभा राहिला आणि म्हणाला, कुत्री रोग पसरवतात, निवारा गावाबाहेर न्या. मी उठले. मला माईक लागत नाही, ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, तुमच्या गटाराचं तोंड नदीत उघडतं, तुमच्या कचऱ्याचा डोंगर शाळेच्या भिंतीला टेकलाय, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण, तर ज्याला वकील करता येत नाही तो कुत्रा. मी म्हटलं, रोग कुत्रा पसरवत नाही. रोग बेफिकिरी पसरवते. टाळ्या एवढ्या पडल्या की मलासुद्धा ऐकू आल्या. निवारा तूर्त आहे तिथेच आहे. तुझे अहवाल मी दालनात झेंड्यासारखे फडकवले, तेव्हा तुलाही त्या टाळ्यांतला वाटा.

काळीचा डबा पाठवते आहे. सकाळीच उचलला, मागच्या अंगणातल्या तिच्या कोपऱ्यातून. तिचा कोपरा ठरलेला आहे, भिंतीशी, झाडाखाली. दुसरीकडे ती कधी जायची नाही. निवाऱ्यातल्या मंडळींना ही शिस्त मी आजवर लावू शकले नाही. काळी मजेत आहे. म्हातारी झालीय, पडून असते.

मुंगीही मजेत. दिवसभर अंगणात असते. हल्ली मान जराशी वाकडी करून बघते, एखाद्या परीक्षकासारखी. काल दाराच्या चौकटीवर आपटली आणि चौकटीलाच रागावली. माझीच नात.

तुझी मावशी


१५ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र एकटी असताना वाच.

काळीच्या नमुन्यात गोलजंतांची अंडी आहेत आणि पुष्कळ आहेत. त्याचं मला नवल वाटलं नाही. ती मी ओळखते, जाड कवचाची, गोल, वरून मधाच्या पोळ्यासारखी खडबडीत. ताज्या शीत ही अंडी मुकी असतात. आत नुसता एक काळसर गोळा. त्यातून जीव आकाराला यायला मातीत कित्येक आठवडे जावे लागतात. म्हणूनच तर मी सगळ्यांना सांगते की शी त्याच दिवशी उचला. ताजी शी घाण असते, पण निरुपद्रवी. घात करते ती पडून राहिलेली.

मी भिंग बसवलं आणि बघितलं, तर अंडी मुकी नव्हती. प्रत्येक कवचात एक अळी वेटोळं घालून होती. काही नुसत्या पडल्या होत्या. काही वळत होत्या. आतल्या आत, सावकाश, झोपेत कूस बदलावी तशा. इतक्या वर्षांत मी हे पुस्तकासाठी मुद्दाम वाढवलेल्या अंड्यांत पाहिलंय, घरून आलेल्या ताज्या डब्यात कधीच नाही. मी पुन्हा दुसरी नळी लावली. पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "ही कुत्री कधीची आहे?" त्याला म्हणायचं होतं, नमुना कधीचा आहे. पण मला ते वाक्य सोडेना.

मग मी उरलेला नमुना उघडला. वरून ओला, आतून भुसा. त्यात गवताची मुळं होती आणि मातीतले किडे. कोणीतरी सुकलेल्या शीवर पाणी शिंपडून ती डब्यात भरलीय.

तू माझ्याशी खोटं बोलणारी नाहीस, म्हणून सरळ विचारते. त्या कोपऱ्यात ती शी किती दिवस पडून होती? आणि काळी आहे कुठे?

तुझी भाची

ता.क. मुंगीला त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नकोस. कारणावरून नंतर भांडू, आधी तिला आत घे.


१९ ऑक्टोबर

पोरी,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. मी, जी कोणालाही उत्तर द्यायला चार क्षण लावत नाही.

काळी ऑगस्टमध्ये गेली. पिलं लोकांनी नेली, त्याच आठवड्यात. पायऱ्यांवर बसली आणि उठलीच नाही. मी कोणालाच सांगितलं नाही. ताईला नाही, तुला नाही, दुधवाल्यालासुद्धा नाही. मुंगी झोपली होती तेवढ्यात मी स्वतः खड्डा खणला, तिच्याच कोपऱ्यात. मुंगीला सांगितलं की काळी दमलीय, मातीखाली थंडाव्याला झोपलीय. ती म्हणाली बरं. तेव्हापासून ती रोज तिथे जाऊन बसते, मातीवर थोपटते, तिला खाऊ भरवते, उरलेला स्वतः खाते.

कोपरा मी झाडू दिला नाही. झाडणाऱ्या बाईला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. निवाऱ्यात एक ठिपका पडला तर मी आकाशपाताळ एक करते, आणि इथे तिचं जे काही शेवटचं होतं ते मला उचलवेना. तू डबा मागितलास. काळी नाही हे लिहायला पेन उचललं, आणि हाताने दुसरंच लिहिलं. मग मी कोपऱ्यात गेले आणि तू म्हणतेस तेच केलं. पाणी शिंपडलं.

एवढंच असतं तर मी तुला लगेच लिहिलं असतं. शरम गिळता येते. पुढचं गिळता येत नाही.

तुला माझी सभा आठवते? उघड्या मैदानावर, अंगात येणाऱ्या त्या बाबासमोर उभी राहून मी म्हटलं होतं, मेलेलं माणूस परत येत नाही, परत येतो तो आपला अडाणीपणा. आयुष्यभर भुताखेतांवर झोड उठवली मी. आज कुठल्या तोंडाने सांगू? काळी परत आली आहे.

आधी मला ऐकू आली. दाराची घंटा मला ऐकू येत नाही, शेजारी भिंतीला खिळे ठोकतो ते ऐकू येत नाही, पण फरशीवर तिची नखं वाजतात ती ऐकू येतात. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, आणि तिथे थांबतात. मी मनाला बजावलं, म्हातारे, हा तुझा कान फसवतोय. मी कोणालाच काही बोलले नाही. मुंगीला तर नाहीच नाही. हे नीट वाच, मी तिला अक्षरही सांगितलेलं नाही.

आणि एका सकाळी दूध पिता पिता मुंगी म्हणाली, "आजी, काळी उठली."

मी विचारलं, कुठे आहे? ती म्हणाली, ही काय, इथे, आणि बोटाने बाजूला दाखवलं. तिथे काही नव्हतं. मी म्हटलं, नीट बघ. ती मान वळवून बघायला गेली आणि हसली. म्हणाली, बघितलं की सरकते, लपाछपी खेळते. तेव्हापासून रोज असते. जेवताना, अंघोळ करताना, चित्र काढताना. काळी, गुंडाळून बसलेली, शेपूट पोटाशी. मुंगीला तिची भीती नाही. पहिल्यांदा खूप लांब बसायची, म्हणते. मग दारापाशी. आता खुर्चीजवळ. रोज थोडी जवळ येते.

दोन माणसांना एकच भ्रम होतो का गं? तू शिकलेली आहेस, सांग. मला तर आता भीतीही वाटत नाही. खरं सांगू, मला बरं वाटतं. पोरीजवळ कोणीतरी आहे, आणि ती आमचीच आहे.

मावशी


२० ऑक्टोबर, सकाळ

मावशी,

ड्रायव्हर दारात उभा आहे. त्याला मी सांगितलंय की पत्र तुझ्या हातात द्यायचं, तुझ्या समोर थांबायचं आणि उत्तर घेऊनच निघायचं. म्हणून थोडक्यात.

"रोज थोडी जवळ येते" हे वाक्य वाचून मी निघालेली व्हॅन थांबवली. भुताच्या भीतीने नाही.

मुंगीला खिडकीपाशी उजेडात बसव. तिला खेळ वाटेल असं कर. आधी तिचा डावा डोळा तुझ्या तळहाताने झाक आणि विचार, काळी दिसते का? मग उजवा झाक आणि तेच विचार. तिला काही सुचवू नकोस. ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिही.

कारण ऐक. त्या अंड्यातली अळी कुत्र्याच्या पोटात गेली तर तिला पुढचा रस्ता माहीत असतो. माणसाच्या पोटात गेली की ती वाट चुकते. तिथे ती मोठी होत नाही आणि लवकर मरतही नाही. देहातून भटकत राहते. यकृतातून, फुप्फुसातून, आणि कधी कधी लहान मुलांच्या डोळ्यात जाऊन पोचते. एकाच डोळ्यात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ती जिथे बसते तिथे काळा डाग दिसतो. नजर वळली की तो डागही वळतो, म्हणून त्याच्याकडे सरळ बघताच येत नाही. मान वाकडी करून बघणं, चौकटीवर आपटणं, हे सगळं तू मला लिहिलं होतंस आणि मी हसून सोडून दिलं होतं.

भूत दोन्ही डोळ्यांना दिसेल, मावशी. एकाच डोळ्याला दिसत असेल तर ते भूत नाही. आणि ते जवळ येत असेल, तर ते नजरेच्या मध्याकडे सरकतंय.

तुझी भाची


२० ऑक्टोबर

ड्रायव्हर पायऱ्यांवर बसलाय. लिहिते.

खिडकीत बसवलं. डावा डोळा झाकला. मुंगीने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "गेली." मी विचारलं कुठे गेली, तर म्हणाली, माहीत नाही, तूच शोध.

मग उजवा झाकला. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आजी, तुझ्या अर्ध्या तोंडावर काळी बसलीय."

आम्ही याच व्हॅनने येतो आहोत, हे पत्र मीच तुझ्या हातात देईन. ड्रायव्हरला मी काही सांगितलं नाही, पण त्याने आपणहून पुढचं दार उघडलं. ताईला तू कळव. माझ्याच्याने होणार नाही.


२ डिसेंबर

पोरी,

तू दवाखान्यात सोबत होतीस, तेव्हा निम्मं तुला माहीतच आहे. तू कामावर परतल्यानंतरचं लिहिते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल पुन्हा तपासलं. सूज उतरली. त्यांनी किरणांनी जिला मारलं ती अळी मेलेलीच आहे, जागची हललेली नाही. नजरेचा मध्य वाचला. केसभर अंतरावर होती, म्हणाले, आणि डोळ्यात केसभर म्हणजे किती हे मी त्यांना विचारलं नाही. बाजूचा डाग मात्र राहील. कायमचा. मुंगी वाचेल, लिहील, गाडीसुद्धा चालवेल, आणि त्या डोळ्याच्या कडेला आयुष्यभर एक काळा ठिपका बसलेला असेल.

ताई अजून माझ्याशी मोजकं बोलते. पोरीला घेऊन जाईन म्हणाली होती. परवा तिने बॅग परत उघडली.

कोपरा तू सांगितलास तसाच केला. हातमोजे, मुखपट्टी, वरची माती खोल काढून बंद पिशव्यांत घालून जाळायला दिली, उरलेल्या जागेवर उकळतं पाणी ओतलं. फिनेलचे डबेच्या डबे मी आणले होते, पण तू म्हणालीस त्या कवचाला फिनेल म्हणजे गुलाबपाणी. वरून काँक्रीट घातलं. काळीला हलवलं नाही. पिलं ज्यांनी नेली त्यांच्या घरी जाऊन मी दारात उभी राहिले, सांगितलं, औषधं दिली. एकाने दार आपटलं. पुन्हा गेले. दुसऱ्यांदा उघडलं.

आणि नगरसभेत गेले. चष्मेवाला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, मागच्या खेपेला मी इथे म्हणाले होते की रोग बेफिकिरी पसरवते. ते वाक्य खरं आहे. फक्त ते बोलत असताना मी स्वतःच्या अंगणाकडे पाठ करून उभी होते. निवाऱ्यातल्या परक्या कुत्र्यांवर मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि जिच्यावर जीव होता तिला एकदाही तपासलं नाही, कारण जीव होता. जिथे आपलं प्रेम असतं तिथे घाण नसते, असं ज्याला वाटतं त्याने माझ्या नातीच्या डोळ्यातून एकदा बघावं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पडल्या असत्या तर मी खाली बसले नसते, निघून गेले असते. निवाऱ्याचं ते ठरवतील ते ठरवोत. मी तर म्हणाले, घरोघरच्या पाळीव कुत्र्यांचीही तपासणी सक्तीची करा, आणि पहिलं दार माझं ठोठावा. चष्मेवाल्याने मान हलवली. होकाराची होती की किवेची, कळलं नाही.

आता आज सकाळचं. ते सांगायलाच हे पत्र.

मुंगी टेबलाशी बसून चित्र काढत होती. ताई आत होती. मुंगीने खडू खाली ठेवला आणि डोळे मिटले, एक उघडला, दुसरा उघडला, जसं तू तिला शिकवलंस तसं. मग मला म्हणाली,

"आजी, काळी आता जवळ येत नाही. खेळतही नाही. नुसती बसून राहते. मेली का गं ती?"

ऑगस्टपासून हा शब्द मी या घरात येऊ दिला नव्हता. आयुष्यभर हजारो माणसांपुढे बोलले, पण त्या एका शब्दाला माझी जीभ वळत नव्हती. ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिला बघायचं होतं मी काय सांगते ते.

मी मुंगीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "हो बाळा. काळी मेली."

तिने थोडा विचार केला. मग खडू उचलला आणि चित्रात काळीच्या भोवती एक चौकोन काढला, काँक्रीटचा, आणि पुढच्या कामाला लागली.

माझ्या कानाचं तू विचारलं होतंस. मुंगीच्या डोळ्यातल्या काळीचा तू हिशोब लावलास, माझ्या कानातल्या काळीचा कसा लावणार? लावू नकोस. एवढंच लिहिते की दिवसभर मी स्वयंपाकघरात बसून आहे, दाराकडे कान लावून, आणि फरशीवर नखं वाजलेली नाहीत. आता मला या घरात काहीच ऐकू येत नाही.

तुझी मावशी